लोह भरपूर, तरी हिमोग्लोबिन घसरतंय: आपल्याच तांबड्या पेशींवर चिकटणाऱ्या अँटिबॉडीज

ॲनिमिया म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, रक्त कमी आहे, बीट खा, खजूर खा, लोहाच्या गोळ्या सुरू करा. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण ऑटोइम्यून हिमोलिटिक ॲनिमिया हा प्रकार वेगळाच आहे, यात शरीर नवीन रक्त जोरात बनवत असतं आणि तरी हिमोग्लोबिन खाली जातं, कारण एरवी साधारण 120 दिवस जगणारी तांबडी पेशी इथे काही दिवसांतच मारली जाते, आणि मारणारी आपलीच इम्यून सिस्टिम असते. आजार दुर्मीळ आहे पण ओळखायला उशीर झाला तर जिवावर बेततं, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

जास्त करून दिसणाऱ्या प्रकारात आयजीजी नावाची अँटिबॉडी तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रोटीन्सना, बरेचदा आरएच प्रोटीन्सना चिकटते. नुसती चिकटल्याने पेशी मरत नाही हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खरं काम होतं पाणथरीत, म्हणजे प्लीहेत. तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे नको असलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी, आयजीजीचं शेपूट पकडतात आणि तांबडी पेशी अख्खी गिळतात, किंवा नुसता आवरणाचा लचका तोडतात. आता पोत्याचं कापड कमी केलं आणि आतलं धान्य जवळपास तेवढंच ठेवलं तर पोतं टम्म गोल होणार, तशीच ही चपटी पेशी गोल होते, मग तिला वाकता येत नाही, पाणथरीतल्या अरुंद फटींमधून जाता येत नाही, तिथेच अडकते आणि संपते. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली पाहिलेल्या रक्तात, या गोल पेशी म्हणजे स्फेरोसाइट्स दिसतात.

फुटलेल्या हिमोग्लोबिनचं बिलिरुबिन होतं, डोळे पिवळे दिसतात, आणि मग घरचे म्हणतात कावीळ झाली, कुठेतरी औषध घ्यायला नेतात आणि त्यात दिवस जातात, याचं फार वाईट वाटतं. लिव्हर ठीक असू शकतं! पिवळे डोळे आणि सोबत उतरलेलं हिमोग्लोबिन असेल तर रेटिक काउंट (नव्याने बनलेल्या तांबड्या पेशींची मोजणी), एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि डीसीटी करायला डॉक्टरांना जरूर विचारा.

डीसीटी म्हणजे डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट. 1945 मध्ये रॉबिन कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी ती मांडली. आयजीजी आकाराने लहान असल्याने ती स्वतः दोन पेशी एकत्र बांधू शकत नाही, म्हणून पेशी धुऊन त्यात आयजीजीलाच पकडणारी दुसरी अँटिबॉडी टाकायची, गुठळ्या झाल्या की समजायचं, पेशींवर काहीतरी चिकटलेलं आहे.

रक्त चढवताना मोठी अडचण येते, कारण ही अँटिबॉडी जवळपास सगळ्यांच्याच पेशींना चिकटते, त्यामुळे ब्लड बँकेत एकही बॅग जुळत नाही असं निघतं. नातेवाईक घाबरतात, साहजिक आहे. पण हिमोग्लोबिन धोक्याच्या पातळीला गेलं असेल तर जुळणाऱ्या बॅगची वाट बघत बसत नाहीत, आधीच्या गरोदरपणातून किंवा रक्त चढवण्यातून तयार झालेल्या दुसऱ्या अँटिबॉडीज आहेत का ते तपासून त्यातल्या त्यात सुरक्षित रक्त देतात. आधी कधी रक्त घेतलं असेल तर ते सांगणं म्हणूनच इतकं गरजेचं.

उपचाराची सुरुवात सहसा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने. नंतर रिटुक्सिमॅब, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी कमी करणारं औषध, किंवा काही जणांत पाणथरी काढणं. ल्युपस (हाही एक ऑटोइम्यून आजार), रक्ताचा एखादा कॅन्सर किंवा एखादं औषध मागे आहे का हेही शोधावं लागतं. स्टेरॉइड हळूहळू कमी करायचं असतं, बरं वाटलं म्हणून स्वतःच बंद केलं की आजार उलटू शकतो.

थंडीत त्रास देणारा प्रकार वेगळा, त्यात आयजीएम ही मोठी अँटिबॉडी बोटं, नाक, कानांच्या पाळ्या अशा गार भागात पेशींच्या गुठळ्या करते, बोटं निळी पडतात. शरीराच्या आत ऊब मिळाली की ती सुटते पण तोवर तिने कॉम्प्लिमेंट प्रोटीन्स, म्हणजे इम्यून सिस्टिमची एकामागून एक साखळीने जागी होणारी प्रोटीन्स, पेशीवर बसवलेली असतात आणि मग त्या पेशी मुख्यतः लिव्हरमध्ये खाल्ल्या जातात. म्हणून पाणथरी काढून इथे फारसा उपयोग नाही, स्टेरॉइडही कमीच चालतं, ऊब ठेवणं मात्र खरंच कामाचं. यासाठी कॉम्प्लिमेंटची साखळी सुरुवातीलाच अडवणारं सुटिमलिमॅब हे औषध अमेरिकेत 2022 मध्ये मंजूर झालं.