भेळ पाच सॅकमध्ये वाटली तर

ऑफिसचा ट्रेक ठरला की पहिली चर्चा टी-शर्टच्या रंगाची होते आणि दुसरी नाश्त्याला पोहे की मिसळ याची. रांगेत कोण कुठे चालणार हा विषय सहसा निघतच नाही. वीस जण डोंगरावरून एकत्र उतरणार की तीन रुसलेल्या तुकड्यांत, हे मात्र बरंचसं त्यावरच ठरतं.

कळसूबाई घ्या. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून चढ साधारण सव्वाआठशे मीटरचा, वाट सहा-साडेसहा किलोमीटरची. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला ठोकताळा आजही वापरात आहे: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला वर आणखी एक तास. त्या हिशेबाने माथा पावणेतीन तासांत यायला हवा. पण हा हिशेब सरावलेल्या आणि न थांबणाऱ्या माणसाचा. आठवडाभर खुर्चीत बसलेल्या वीस जणांना चार तास धरावेत आणि पहाटेच पायथा सोडावा, नाहीतर उघड्या टप्प्यांवर ऊन गाठतं.

आता वाटेतली लोखंडी शिडी. एकेकाला पाऊण मिनिट लागलं तरी पहिला चढल्यापासून विसावा वर येईपर्यंत पंधरा मिनिटं जातात. पहिला वर जाऊन बसतो, पाणी पितो, फोटो काढतो. शेवटची व्यक्ती धापा टाकत पोचते आणि पुढून हाक येते, "चला, सगळे आले!" पहिल्याला पंधरा मिनिटं विश्रांती, शेवटच्याला शून्य. दमलेल्याला कमी आणि ताज्यातवान्याला जास्त, असा हा उलटा वाटप प्रत्येक थांब्यावर होतो. तिसऱ्या थांब्यापर्यंत मागच्यांचा आवाज बंद पडलेला असतो. याला कुणाचा दुष्टपणा लागत नाही; अरुंद वाटेचं गणितच तसं आहे.

उपाय साधे आहेत. सर्वांत हळू चालणारी व्यक्ती लीडरच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर. थांब्याचं घड्याळ शेवटचा माणूस खाली बसल्यावर सुरू करायचं, तिथून पाच मिनिटं. वाटेला फाटा फुटला की मागचा दिसेपर्यंत तिथेच उभं राहायचं. पहिली वीस मिनिटं मुद्दाम संथ चालायचं, कारण हृदय आणि श्वास चढाच्या मागणीशी जुळायला काही मिनिटं घेतात. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. आणि साहेब किंवा मॅडम सर्वांत शेवटी. पुढे डोंगर माहीत असलेला कुणीही चालेल, मग तो गेल्या महिन्यात लागलेला ट्रेनी का असेना. मॅनेजरला आपल्या टीममधलं कोण कुठे अडतं हे मागूनच दिसतं.

नुसतं एकत्र नेल्याने टीम जुळते, ही समजूत कितपत खरी? मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथे एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचे दोन गट केले. स्पर्धा लावल्यावर गटांत चांगलीच जुंपली. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. काही उपयोग झाला नाही. जेवणाच्या वेळी अन्नाचीच फेकाफेक झाली. वैर ओसरलं ते शिबिराचं पाणी बंद पडल्यावर आणि ट्रक दोराने ओढायची वेळ आल्यावर, म्हणजे एकमेकांशिवाय भागणार नव्हतं तेव्हा. या प्रयोगावर पुढे टीकाही पुष्कळ झाली. तरी रिसॉर्टवरच्या बुफेने विभागांमधली तेढ का जात नाही, हे त्यातून कळतं.

म्हणून भेळ वाटून न्यावी. पाच जणांच्या गटाला पाव किलो कुरमुरे एकाकडे, दोन कांदे आणि सुरी दुसऱ्याकडे, टोमॅटो-कोथिंबीर-लिंबू तिसऱ्याकडे, फरसाण चौथ्याकडे, चिंचेच्या चटणीची बाटली आणि पातेलं पाचव्याकडे. कुरमुरेवाला अर्धा तास आधी माथ्यावर पोचला तर कोरडे कुरमुरे चघळत बसेल. मग मागे राहिलेल्या चटणीवालीची चौकशी तो आपणहून करतो. प्रथमोपचाराची पिशवी मात्र अशी फोडायची नाही. ती अख्खी शेवटच्या माणसाकडेच हवी.

गट पाचचाच का? फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान याने दोरखंड ओढण्याचे प्रयोग केले. ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसं वाढली तसा एकेकाचा जोर घटत गेला आणि आठ जणांत तो एकट्याच्या जोराच्या निम्म्यावर आला. १९७४ मध्ये संशोधकांनी डोळे बांधलेल्या माणसामागे ओढण्याचं नुसतं नाटक करणारे लोक उभे केले, तरी त्याचा जोर कमी झाला. म्हणजे दोष फक्त ताळमेळाचा नव्हता; "बाकीचे आहेत की" हेही त्यात होतं. वीस जणांच्या रांगेत कुणाचं पाणी संपलंय हे पाहणं कुणाचंच काम नसतं. पाचांत ते कुणाच्या तरी नजरेत येतंच.

पाण्याबद्दल एक गोष्ट बोलली जात नाही. माणशी तीन लिटर घ्या म्हणून सूचना जाते, पण वाटेवर स्वच्छतागृह नाही म्हणून अनेक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं दुखतं, पायात गोळे येतात. निघण्यापूर्वी गावातल्या एखाद्या घरी सोय ठरवून ठेवावी आणि वाटेत आडोशाच्या ठिकाणी कुणी न मागताच थांबा जाहीर करावा. उलट टोकही वाईटच: घाम भरपूर आणि पोटात नुसतं पाणी, तर रक्तातलं सोडियम उतरतं. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, मीठ हातचं राखूनच, जास्त नको.

बुटांचंही असंच. कपाटात तीन-चार पावसाळे पडून राहिलेले स्पोर्ट्स शूज वरून नवे दिसतात, पण सोलमधला पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत गेलेला असतो. दोन तास चाललं की सोल जिभेसारखा लोंबायला लागतो. आठवडाभर आधी तेच बूट घालून दोनदा तासभर चालून पाहावं. सॅकमध्ये रुंद चिकटपट्टी असू द्यावी; सोल बुटाला गुंडाळून पायथा गाठता येतो.

ज्यांचा गुडघा किंवा रक्तदाब साथ देत नाही त्यांना आग्रह करू नये, कारणही सगळ्यांसमोर विचारू नये. मात्र त्यांना गाडीत बसवूनही ठेवू नये. जेवणाची वेळ सांभाळणं, वरच्यांशी ठरलेल्या वेळी फोन, उशीर झाला तर गावातून माणूस वर पाठवणं, ही खरी कामं आहेत आणि ती खाली राहूनच होतात.

उतरताना घाई नको. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, त्यामुळे ते थरथरतात, आणि घसाऱ्यावर पाय सुटतो तो अशाच वेळी. याच ताणाने स्नायूंत सूक्ष्म इजा होते. दुखणं मात्र लगेच नाही, एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. म्हणून ट्रेक शनिवारी ठेवावा, रविवार झोपेला मिळतो. सोमवारी जिना चढणं त्यातल्या त्यात जमतं, उतरताना मात्र पुन्हा तेच स्नायू तसेच ताणले जातात. त्यामुळे चहाला खाली जायचं तर अख्खी टीम लिफ्टसमोर उभी.