दिवंगतांच्या डिजिटल प्रतिकृती : पार्श्वभूमी

दिवंगत व्यक्तीचे जुने संदेश आणि आवाजाचे नमुने संगणकाला पुरवून तिच्याच ढंगात बोलणारी प्रतिकृती तयार करणाऱ्या सेवा आज पैसे मोजून मिळतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रकार एकाएकी जन्माला घातला, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

नोंदीचे नवे साधन हाती आले, की ते मृतांसाठी वापरून पाहण्याची ओढ जुनीच आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेत विल्यम मम्लर हा छायाचित्रकार गिऱ्हाइकाच्या पाठीमागे मृत आप्ताची पुसट आकृती उमटवून देत असे. १८६९ मध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला गुदरला गेला, पण तो सुटला. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ हे ध्वनी नोंदवून पुन्हा ऐकवणारे यंत्र बनवले आणि पुढच्याच वर्षी त्याचे संभाव्य उपयोग सांगताना मरणासन्न माणसाच्या अखेरच्या शब्दांचाही उल्लेख केला. मात्र या साधनांतून जे नोंदले गेले असेल तेवढेच परत मिळे.

संभाषणाचा आभास १९६६ च्या सुमारास आला. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठातील जोसेफ वायझेनबाउम यांचा ‘एलायझा’ हा प्रोग्राम समोरच्याचीच वाक्ये फिरवून प्रश्नरूपाने परत करी. त्यापलीकडे त्याला काहीही उमगत नव्हते. तरीही, हे काम घडताना पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाईंनी एलायझाशी बोलू लागल्यावर खुद्द वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. विश्वास ठेवण्याची माणसाची तयारी तेव्हाच दिसली होती. उणीव तंत्राची होती, तशीच, आणि माझ्या मते तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही, कच्च्या मालाचीही होती: कुरबुरी, थट्टा, निरोप हे रोजचे बोलणे हवेत विरून जात असे. ते मोबाइलवर लेखी उतरू लागले, तेव्हा कोणी मुद्दाम न जपताही प्रत्येकाच्या बोलण्याचा साठा तयार झाला.

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये मॉस्कोत रोमान माझुरेंको या तरुण उद्योजकाचा अपघाती मृत्यू झाला. त्याची मैत्रीण युजीनिया कुयडा हिची कंपनी चॅटबॉट, म्हणजे माणसाशी लेखी संभाषण करणारे प्रोग्रामच, बनवत होती. तिने स्वतःचे आणि इतर स्नेह्यांचे त्याच्याशी झालेले संदेश गोळा करून २०१६ मध्ये त्याच्या शैलीत उत्तरे देणारा बॉट तयार केला. काहींना त्यातून दिलासा मिळाला, तर काही मित्रांनी त्याच्याशी बोलायलाच नकार दिला. तो नकार समजण्यासारखा आहे, कारण एकेका मित्रासाठी लिहिलेले खाजगी बोलणे आता कुणाशीही बोलणाऱ्या यंत्राचे भांडवल झाले होते.

पुढे एवढ्या साठ्याचीही गरज उरली नाही. २०२० मध्ये जेसन रोहरर यांनी सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट डिसेंबर’ या सेवेत मोठे भाषिक प्रारूप (अफाट लिखाणावर शिकवलेला, मजकूर रचणारा प्रोग्राम) वापरल्यामुळे त्रोटक परिचय आणि लिखाणाचा छोटासा नमुना पुरेसा ठरू लागला. कॅनडातील एका तरुणाने आपल्या दिवंगत वाग्दत्त वधूची प्रतिकृती त्यावर घडवली. या सेवेत प्रत्येक प्रतिकृतीचे आयुष्य मर्यादित असे आणि ते संपत आल्याचे वापरणाऱ्याला पडद्यावर दिसे. त्याच वर्षी दक्षिण कोरियातील एमबीसी वाहिनीने एका आईची आणि तिच्या मृत लहान मुलीच्या त्रिमितीय प्रतिकृतीची भेट आभासी वास्तवात घडवून प्रसारित केली.

शोकाविषयीचा विचारही दरम्यान बदलला होता. मृतापासून मन हळूहळू सोडवून घेणे म्हणजे शोक, ही मनोविश्लेषक फ्रॉइडची १९१७ मधील मांडणी दीर्घकाळ प्रभावी होती. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या शोकाच्या अभ्यासकांनी मृताशी नाते टिकवून ठेवण्यात विकृत असे काही नाही, असे प्रतिपादन केले. प्रतिकृतींचे समर्थक या विचाराचा आधार घेतात, पण मनात जपलेले नाते आणि शुल्क भरेपर्यंत उत्तर देणारी सेवा यांतला फरक त्यातून पुसला जात नाही.

मृताच्या संमतीबाबत कायदा मागेच आहे. युरोपीय संघाचा २०१८ मध्ये लागू झालेला विदासंरक्षण (वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा) नियम मृतांना लागू होत नाही. तो प्रश्न सदस्य देशांवर सोपवला आहे. फ्रान्सने २०१६ च्या कायद्याने आपल्या विदेचे मरणोत्तर जतन करावे, ती पुसावी की कुणाला द्यावी, याबद्दल सूचना लिहून ठेवण्याची मुभा दिली. त्या विदेचा उपयोग करून आपल्याला बोलते करावे की नाही, हे त्या यादीत वेगळे नमूद केलेले नाही.