इंटरस्टिशियल सिस्टायटिस

मूत्राशय भरू लागले की ओटीपोटात दुखणे, लघवी करून आल्यावर थोडा वेळ आराम पडणे आणि पुन्हा तेच सुरू होणे, हे या विकाराचे मुख्य लक्षण. मराठीत त्याला आंतरालीय मूत्राशयशोथ म्हणतात. लघवीत जंतुसंसर्ग नाही, दुसरे कारणही सापडत नाही आणि त्रास ६ आठवड्यांहून अधिक टिकला, तर या निदानाचा विचार करतात. स्त्रियांमध्ये तो जास्त आढळतो; पुरुषांत प्रॉस्टेटचे दुखणे समजून भलतेच उपचार चालू राहतात.

हे नाव १८८७ मध्ये अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अलेक्झांडर स्कीन यांनी वापरले. बॉल्टिमोरचे स्त्रीरोगतज्ज्ञ गाय हनर यांनी १९१५ च्या सुमारास मूत्राशयातील विशिष्ट लालसर व्रणांचे वर्णन केले. हे हनर व्रण थोड्याच रुग्णांत दिसतात. बाकीच्यांचे मूत्राशय दुर्बिणीतून जवळपास निरोगी दिसते, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ असे ऐकून रुग्ण घरी परततात. दुखणे मात्र खरे असते. मूत्राशयाच्या आतल्या संरक्षक थराला इजा होऊन लघवीतील क्षार भिंतीत झिरपतात, दाह निर्माण करणाऱ्या मास्ट पेशी चेतवल्या जातात आणि वेदनेच्या नसा हळव्या होतात, असे मानले जाते. नेमके मूळ अजून निश्चित झालेले नाही.

मुंबईत निदानाची वाट बहुधा ठरलेली असते. उन्हाळी लागली म्हणून आधी धने-जिऱ्याचे पाणी, मग केमिस्टकडून आणलेले अँटिबायोटिक. चार दिवस बरे, की परत जळजळ. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू वाढत नसतील, तर अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स घेण्यात अर्थ नाही. पण लघवीत पू-पेशी दिसतात आणि साध्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, तेव्हा आपल्याकडे पहिली शंका क्षयाची घ्यायला हवी. क्षयाचे जंतू साध्या कल्चरमध्ये सापडत नाहीत आणि क्षयातही मूत्राशय आक्रसते. खडा आणि कर्करोग, विशेषतः तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांत, वगळणेही तितकेच आवश्यक.

लघवीची डायरी हे सर्वांत स्वस्त आणि फार उपयोगी साधन. किती वाजता गेलो, मापाच्या भांड्यात किती मिली भरली, दुखणे दहापैकी किती, एवढेच दोन-तीन दिवस लिहायचे. निरोगी माणूस एका वेळी साधारण ३०० ते ४०० मिली लघवी करतो. या रुग्णांच्या रकान्यात ६०, ८०, ५० असे आकडे उतरतात, रात्री दोन आणि तीन वाजताचेसुद्धा.

विरार किंवा कल्याणहून कामाला येणाऱ्या बाईला तासाहून अधिक वेळ लोकलमध्ये काढावा लागतो, आणि लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. लघवी दाट होते आणि आग आणखी वाढते. बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या मागणारी ‘राइट टू पी’ चळवळ मुंबईत २०११ पासून चालू आहे. या रुग्णांच्या बाबतीत ती मागणी उपचाराचाच भाग मानली पाहिजे.

उपचाराने आजार मुळापासून जाईलच असे नाही, पण बऱ्याच जणांना चांगला आराम पडतो. चहा-कॉफी, लिंबू, टोमॅटो, तिखट आणि दारू एकेक करून बंद करून पाहायचे. ज्याने त्रास होतो तेवढेच टाळायचे, सगळे पथ्य एकदम नको. कटीतळाचे (मूत्राशयाला खालून आधार देणारे) स्नायू आखडलेले असतील तर ते सैल करणारी फिजिओथेरपी उपयोगी पडते. हेच स्नायू आवळण्याच्या केगल व्यायामाने मात्र दुखणे वाढू शकते. गोळ्यांत रात्रीची अल्प मात्रेतील अमिट्रिप्टिलिन आणि पेंटोसान या प्रमुख. पेंटोसान दीर्घकाळ घेतल्यास दृष्टिपटलाला इजा होऊ शकते, त्यामुळे डोळ्यांची नियमित तपासणी हवीच. कॅथेटरने मूत्राशयात डीएमएसओ हे औषधही सोडतात. ते १५-२० मिनिटे आत धरून ठेवायचे असते. नंतर दिवसभर श्वासाला लसणासारखा वास येतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे. हनर व्रण असतील तर ते भूल देऊन दुर्बिणीतून जाळतात किंवा त्यात स्टिरॉइड टोचतात, आणि अशा रुग्णांना बहुधा लवकर आराम मिळतो. व्रण परत येऊ शकतात, तेव्हा हीच प्रक्रिया पुन्हा करता येते. मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया फार क्वचित, बाकी सर्व उपाय थकल्यावरच करतात.