इंग्लंडचं घड्याळ मागं गेलं आणि सांगलीत आईची शुगर उतरली

आपल्याकडं घड्याळ मागंपुढं करायची भानगडच नाही, त्यामुळं युरोप-अमेरिकेत वर्षातून दोनदा तासभर वेळ बदलतात हे आपण ऐकतो आणि सोडून देतो. पण गेल्या दिवाळीनंतर तो एक तास थेट आमच्या विश्रामबागच्या घरात आला.

ताई इंग्लंडला असते. तिथं चारला ऑफिस सुटलं की बसस्टॉपपर्यंत चालता चालता ती आईला फोन करते, म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेआठ. आई त्याच्या जरा आधी इन्सुलिन टोचून घेते, पंधरा मिनिटं लेकीशी बोलते आणि मग ताटावर बसते, कित्येक वर्षं हेच चाललंय. २६ ऑक्टोबर २०२५ ला, भाऊबीज होऊन तीन दिवस झालेले, तिकडची घड्याळं एक तास मागं गेली. सोमवारी ताईचे चार वाजले तेव्हा आपले साडेनऊ. आईनं नेहमीच्या वेळेला टोचून घेतलं आणि आत्ता येईल फोन, आत्ता येईल म्हणत मेथीची भाजी-भाकरी झाकून बसली. सव्वानऊला मी बाहेर आले तर कपाळावर घाम, हात थरथरतायत, बोलणं जड. मशीनवर ५८! तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, ८१ आली तेव्हा कुठं माझ्या जीवात जीव आला, मग लगेच भाकरी वाढली. ७० च्या खाली गेलं की असंच करायचं, आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

इन्सुलिनला भिंतीवरचं घड्याळ कळत नाही. टोचलं की ते कामाला लागतं, पोटात भाकरी असो नसो.

झोपेचंही तसंच. मेंदूत डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर साधारण २०,००० पेशींचा एक पुंजका आहे, ते आपल्या शरीराचं घड्याळ. त्याचा स्वतःचा दिवस बहुतेकांत २४ तासांपेक्षा थोडा मोठा असतो आणि रोज सकाळचा उजेड त्याला ओढून जागेवर आणतो. म्हणून ऑक्टोबरात एक तास जास्त मिळतो तो सोपा जातो, मार्चमध्ये एक तास जातो तो मात्र अंगावर येतो. स्वीडनमधल्या २००८ च्या अभ्यासात मार्चच्या बदलानंतरच्या आठवड्यात हार्ट अटॅक सुमारे पाच टक्क्यांनी जास्त दिसले होते.

म्हणून आईवडील तिकडं राहायला गेले असतील तर चार दिवस आधीपासून झोप, जेवण आणि गोळ्या रोज पंधरा मिनिटं सरकवत न्याव्यात आणि सकाळी उठल्यावर पडदे उघडून उजेडात बसावं. मोबाईलचा अलार्म आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ बदलत नाही, आणि या दोघांच्या गोंधळात डोस दोनदा घेतला जातो, तेवढं बघा. प्रत्येक गोळीची काळजी सारखी नसते. थायरॉइडची गोळी शरीरात कित्येक दिवस टिकते, तिथं तासाचा फरक पडत नाही, फक्त उपाशीपोटी हवी. बीपीची सकाळी घ्या की रात्री, ब्रिटनमध्ये २१,००० हून जास्त लोकांवर केलेल्या आणि २०२२ ला छापून आलेल्या अभ्यासात हार्ट अटॅक-स्ट्रोकमध्ये फरक दिसला नाही. पण इन्सुलिन, फिट्सच्या आणि पार्किन्सनच्या गोळ्या यांची वेळ कशी सरकवायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, विशेषतः फिट्सवाल्यांनी, कारण त्यांना अपुरी झोपसुद्धा त्रास देते.

आमच्याकडं आता आई टोचून घेतल्यावर आधी जेवते. पहिले चार दिवस तिला घास गोड लागेना, लेकीशी बोलल्याशिवाय जेवायची सवयच नाही ना. मग ताईनंच तोड काढली, थंडीभर ती तिकडच्या तीनला चहाच्या सुट्टीत फोन करते, म्हणजे आपले बरोबर साडेआठ. २९ मार्च २०२६ ला तिकडची घड्याळं परत पुढं जातील, त्या तारखेला आईनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केलाय आणि शेजारी लिहिलंय, "फोन परत चारला."