कीइंग झालं, कंपॉझिटिंग राहिलं

विद्यार्थ्यांच्या ट्रेलरमध्ये ग्रीन स्क्रीनचा, म्हणजे हिरव्या पडद्यासमोर टिपून मागचा देखावा नंतर लावलेला, शॉट खोटा वाटला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: ‘कीइंग गंडलंय.’ मग एडिटर बिचारा रात्रभर स्लायडर ओढत बसतो. बऱ्याचदा कीइंग ठीकठाक असतं. फसलेलं असतं कंपॉझिटिंग, आणि तेही एडिटरकडे फाइल पोचण्याच्या आधीच.

कीइंग म्हणजे हिरवा रंग उडवून माणूस सुटा करणं. हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. पडद्याला सुरकुत्या नकोत, उजेड सगळीकडे सारखा हवा. पडद्याचे दिवे वेगळे, नटाचे वेगळे. नट पडद्यापासून सहा-सात फूट तरी पुढे, म्हणजे खांद्यावर हिरवी झाक येत नाही. हिरवा घ्यावा की निळा यावर वाद घालणाऱ्यांनी नटाचे कपडे बघावेत आणि विषय संपवावा. केसांच्या कडा करवतीसारख्या दिसत असतील तर फाइल तपासा. फोन आणि बरेच कॅमेरे ४:२:० मध्ये रेकॉर्ड करतात, म्हणजे चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद. तिथे प्लगिन तरी काय करणार?

कंपॉझिटिंग म्हणजे तो सुटा झालेला माणूस दुसऱ्या जागी खरोखर उभा आहे असं भासवणं. इथे हिरव्या रंगाचा संबंध संपलेला असतो, आणि नेमकं हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

दोन्हींतला फरक डोळ्यांनी ओळखता येतो. कीइंग बिघडलं तर नजर कडांवर अडकते: कुरतडलेले केस, हिरवी किनार, शर्टाला पडलेलं भोक. कंपॉझिटिंग बिघडलं तर कडा शाबूत असतात, तरी माणूस कात्रण चिकटवल्यासारखा दिसतो. खात्री हवी असेल तर मॅट, म्हणजे कीइंगने काय ठेवलं आणि काय उडवलं ते दाखवणारं चित्र, काळ्या-पांढऱ्यात उघडून बघा. नट भरीव पांढरा, मागचं सगळं काळं आणि करडं फक्त केसांच्या टोकांना असेल, तर कृपा करून कीइंगला हात लावू नका.

समजा, नायिका संध्याकाळी समुद्रकिनाऱ्यावर उभी आहे. प्लेटमध्ये, म्हणजे मागच्या चित्रीकरणात, सूर्य डावीकडे खाली टेकलाय. नायिकेवर मात्र समोरून दोन पांढरे सॉफ्टलाइट. ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग बदलताना, तिचा चेहरा नारिंगी करता येईल, पण नाकाची सावली पडद्यावर उजवीकडे दिसणाऱ्या गालावर कशी नेणार? रंग नंतर सहज बदलता येतो, उजेडाची बाजू तशी नाही. ट्रेलरमधला शॉट दोन-तीन सेकंदांचा असतो, तेवढ्यात केसांची उणीव खपून जाते. चुकीच्या बाजूचा उजेड पहिल्याच क्षणी खटकतो.

दुसरी फसगत कॅमेऱ्याच्या उंचीची. सपाट वाळूवर कॅमेरा पाच फुटांवर असेल, तर क्षितिजाची रेघ तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला पाच फुटांच्या उंचीवर छेदते, जवळ असो की लांब. प्लेट अशी घेतली आणि नायिकेला गुडघ्याच्या उंचीवरून टिपलं, तर ती हवेत तरंगते. यावर कोणताही इफेक्ट चालत नाही.

म्हणून माझा हट्ट: प्लेट आधी, नट नंतर. प्लेट घेताना लेन्सची उंची, फोकल लेंग्थ (लेन्स किती मिलिमीटरची) आणि सूर्याची दिशा वहीत लिहा. नटाला उभं करताना ती वही जवळ ठेवा. ‘मागे काय लावायचं ते नंतर बघू’ म्हणणाऱ्या दिग्दर्शकाला मी एडिटला बसवेन, एकट्याला.

एवढं जमलं की उरलेलं काम सोपं. आधी दोन्हींतला काळा रंग जुळवा. दूरचा देखावा धूसर असतो, त्यापुढे नायिकेचे केस डांबरासारखे दिसतात. मागचं थोडं आउट ऑफ फोकस करा, शेवटी दोन्हींवर एकच ग्रेन, म्हणजे चित्रातला बारीक दाणेदारपणा. पाय दाखवू नका, वाळूवरची सावली रचण्यात आठवडा जाईल. आणि तो लाइट रॅप, म्हणजे मागचा उजेड नटाच्या कडांवर ओघळवणारा इफेक्ट, जरा हात राखून वापरा, नाहीतर नायिकेभोवती देवाच्या तसबिरीसारखं तेजोवलय येतं.

कॅमेरा हलवायचा असेल तर मागचा देखावाही त्याच्याबरोबर हलला पाहिजे. ते ट्रॅकिंग, तो तिसराच विषय. पहिल्या ट्रेलरला ट्रायपॉड लावा.