सिनेमाची कादंबरी आणि सिनेमाच्या जगातली कादंबरी

'स्टार वॉर्स'च्या जुन्या पुस्तकांत दोन कादंबऱ्यांची हमखास गल्लत होते. दोन्ही ॲलन डीन फॉस्टरच्या, दोन्हींत सिनेमाचा नायक ल्यूक आणि राजकन्या लेया. पण एक सिनेमाचीच गोष्ट सांगते, दुसरी त्याच पात्रांना घेऊन वेगळीच गोष्ट रचते.

पहिली लिहिली फॉस्टरनेच, पण तिच्यावर लेखक म्हणून सिनेमाचा दिग्दर्शक जॉर्ज लुकासचं नाव आहे. ती १९७६च्या अखेरीस आली, सिनेमा लागला मे १९७७मध्ये. पटकथेवरून लिहिल्यामुळे कापले गेलेले प्रसंगही तिच्यात सापडतात, उदाहरणार्थ ल्यूक आणि त्याचा दोस्त बिग्झ यांची अँकरहेड गावातली भेट. सिनेमातली लढाऊ यानांची 'रेड' तुकडी इथे 'ब्लू' आहे. असे बारीकसारीक फरक सोडले तर कथा तीच.

दुसरी, 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय', १९७८ची. माझा जीव अडकलाय तो हिच्यात, आणि राग येतो तोही हिचाच. सिनेमा बेताचाच चालला तर पुढचा भाग कमी खर्चात काढता यावा, म्हणून ती लिहून घेतली होती. गोष्ट घडते त्या मिम्बन ग्रहावर सदानकदा धुकं असतं, कारण धुक्यात मोठे सेट लागत नाहीत. सिनेमातला ल्यूकचा साथीदार हान सोलो गायब, कारण ती भूमिका करणाऱ्या हॅरिसन फोर्डचा पुढच्या भागासाठी करारच झाला नव्हता. त्याच्याविना संवादांतली मजा निम्मी होते. ल्यूक आणि लेया यांच्यातली ओढ तर आता वाचवत नाही, १९८३च्या सिनेमात ती सख्खी भावंडं निघाली! शेवटी ल्यूक खलनायक व्हेडरचा हात तोडतो, पण समोर बाप उभा आहे हे तेव्हा ना त्याला ठाऊक, ना वाचकाला. म्हणून तो घाव मनाला लागत नाही.

तरीही त्याच झुंजीत ल्यूक अडकून पडतो तेव्हा लेया त्याचं लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, उचलून थेट व्हेडरवर चालून जाते. जुन्या तिन्ही सिनेमांनी तिला ही संधी एकदाही दिली नाही. एवढ्या पानांसाठी मी बाकी सगळं सोसायला तयार आहे.

२०१४मध्ये 'स्टार वॉर्स' काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने अशा कादंबऱ्यांवर 'लेजेंड्स'चा शिक्का मारला, म्हणजे त्यांतल्या घटना अधिकृत कथेत धरायच्या नाहीत. मिम्बन मात्र टिकला. २०१८च्या 'सोलो'मध्ये तो धुक्या-चिखलासकट पडद्यावर आला, आणि तिथल्या खंदकांत सैनिक म्हणून लढत होता खुद्द हान.