आधी प्रायमर की आधी लांबी?

नव्या दाराचं रंगकाम निघालं की बिलात प्रायमर आणि लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, एकाच ओळीत येतात. दोन्ही बहुधा पांढरी, दोन्ही रंगाखाली गडप होणारी, म्हणून घरमालकाला ती सारखीच वाटतात. कामं मात्र उलटी. प्रायमर पातळ असतो. तो लाकडात मुरतो आणि वरच्या ऑइल पेंटला धरून ठेवतो. लांबी म्हणजे खडूची पूड आणि बेलतेलाचा (उकळलेल्या जवस तेलाचा) घट्ट लगदा. तिने मुरायचं नसतं, खिळ्यांच्या भोकांत आणि चौकटीच्या सांध्यांत भरून बसायचं असतं.

घोळ होतो तो क्रमात. कोऱ्या लाकडावर थेट लांबी ओढली की लाकूड तिच्यातलं तेल पिऊन टाकतं आणि उरतो नुसता खडू. त्या दिवशी दार गुळगुळीत दिसतं. आमच्या न्हाणीघराचं दारही दिसत होतं. पहिल्याच पावसाळ्यात कडेला सहज नख लावलं, तर रंगासकट बोटभर पापुद्रा निघाला. मागची बाजू पिठासारखी. पेंटरचा एक दिवस वाचला होता, एवढंच.

म्हणून आधी 120 नंबरचा काचपेपर, मग 180चा, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. भुसा पुसून प्रायमर. रात्रभर वाळू द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. मग लांबी, ती वाळली की 220चा पेपर, आणि लांबी लावलेल्या जागी पुन्हा प्रायमर. हा दुसरा हात हमखास गाळला जातो. मग तिथे रंगाची चमक मरते आणि तिरप्या उजेडात ठिगळं दिसतात.

पाइनच्या गाठींतून राळ झिरपते. ती या दोघांनाही आवरत नाही. तिथे आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (लाखेच्या पापुद्र्यांचे) दोन हात लागतात.

‘भिंतीची पुट्टी उरलीय, तीच मारू’ असं कोणी म्हणालं तर हात धरा. ती बहुधा सिमेंटची असते; लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आक्रसतं, सिमेंट नाही, आणि तडे जातात. लाल प्रायमरही नको, तो ग्रिलचा. लाकडाचा पांढरा किंवा गुलाबी.

दाराची वरची आणि खालची कड कुणाला दिसत नाही, म्हणून कोरीच राहते आणि तिथूनच पाणी शिरतं. खालची कड सुताराने दार टांगायच्या आधीच प्रायमर मारून घ्या. वरचीची तपासणी सोपी आहे: स्टुलावर चढायचं आणि माथ्यावरून बोट फिरवायचं.